फोड येण्याआधीची चार मिनिटं

त्र्यंबकेश्वराहून संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास निघते आणि आषाढी एकादशीच्या आत पंढरीला पोहोचते. नाशिक, सिन्नर, राहुरी, नगर, मिरजगाव, कर्जत, जेऊर, कंदर, करकंब अशी चारशे किलोमीटरहून जास्त वाट, साधारण पंचवीस-सव्वीस दिवस. पहिल्यांदा निघणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो, एवढं चालणं झेपेल का? झेपतं. साठी ओलांडलेल्या बाया डोक्यावर तुळस घेऊन ही वाट दरवर्षी चालतात. दमामुळे परत फिरणारे थोडे. माणूस गाडीत बसतो तो बहुतेक वेळा टाचेवरच्या रुपयाएवढ्या फोडामुळे, आणि तो फोड सिन्नर यायच्या आतच आलेला असतो.

म्हणून या लेखात जास्त जागा पायांच्या कातडीला दिली आहे.

आधी फोड का येतो ते नीट समजून घ्या, कारण उपाय त्यातूनच निघतो. पाऊल टेकतं तेव्हा वरची कातडी चपलेला धरून राहते आणि आतलं हाड थोडं पुढे सरकतं. मधले थर एकमेकांवर ओढले जातात. वीस किलोमीटर म्हणजे अठ्ठावीस-तीस हजार पावलं, त्यातली निम्मी प्रत्येक पायाच्या वाट्याला. इतक्या वेळा ओढलं गेल्यावर ते थर सुटतात आणि पोकळीत पाणी भरतं. कोरडी कातडी सहज सरकते, तेलकटही सरकते. दमट कातडी मात्र चपलेला चिकटते. घामानं किंवा पावसानं ओला झालेला पाय सगळ्यात वाईट तो यामुळे.

फोड यायच्या आधी सूचना मिळते. एखाद्या जागी आग होते, चटका बसल्यासारखं वाटतं. बोट लावलं तर ती जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते, लालसर दिसते. तिथून फोड व्हायला अर्धा-पाऊण तास पुरतो. या वेळात थांबलं तर फोड टळतो. पण दिंडीत ओळ सोडणं जिवावर येतं. अभंग रंगात आलेला असतो, शेजारचा टाळकरी थांबत नाही, "पुढच्या विसाव्याला बघू" असं मनाशी ठरतं. विसावा तासाभरावर असतो.

हिशोब करून पाहा. दिंडी ताशी चार किलोमीटरच्या आसपास चालते. पट्टी लावायला चार मिनिटं लागली तर आपण पावणेतीनशे मीटर मागे पडतो. एवढं अंतर विसाव्यापर्यंत सहज भरून निघतं. दिंडीप्रमुखाला किंवा शेजारच्याला सांगून बाजूला व्हा, चपला काढा.

आता ती चार मिनिटं. पाय ओल्या फडक्यानं पुसून घ्या, मग कोरड्या पंचानं. धूळ राहिली तर पट्टी धरत नाही. झिंक ऑक्साइडची कापडी चिकटपट्टी घ्या. नसेल तर कागदी चिकटपट्टीही चालते, ती रोज बदलावी लागते इतकंच. लाल जागेच्या चारही बाजूंनी बोटभर जास्त येईल एवढा तुकडा कापा आणि त्याचे कोपरे गोल करा. चौकोनी कोपरा तासाभरात उचकटतो, गुंडाळतो आणि त्याच गुंडाळीनं नवा फोड येतो. पट्टी न ताणता ठेवा, मधून कडेकडे दाबत जा, एकही सुरकुती राहू देऊ नका. मग तळहात तिच्यावर अर्धा मिनिट दाबून धरा, उबेनं डिंक चांगला धरतो. बोटाभोवती लावताना पूर्ण वेढा घट्ट करू नका. संध्याकाळी बोट सुजतं आणि पट्टी काचते.

एक चूक जवळजवळ प्रत्येक राहुटीत दिसते. रात्री पाय तेलानं चोळतात, कुणी काशाची वाटी फिरवून देतं, फार बरं वाटतं. सकाळी त्याच तेलकट पायावर पट्टी लावतात आणि ती दहा मिनिटांत सुटते. तेल लावा, पण जिथे पट्टी लागणार ती जागा सकाळी साबणानं धुऊन कोरडी करा. आणि फोडावर, कापलेल्या जागी वाटी फिरवू नका.

फोड आलाच तर? लहान असेल आणि दुखत नसेल तर फोडू नका, वरची कातडी हीच सगळ्यात चांगली पट्टी. मोठा असेल, पाऊल टेकवत नसेल, तर मुक्कामावर हात साबणानं धुऊन, सुई स्पिरिटनं पुसून, फोडाच्या कडेला खालच्या बाजूला दोन बारीक छिद्रं पाडा. स्वच्छ कापसानं हळूच दाबून पाणी काढा. कातडी अजिबात सोलू नका. पोव्हिडोन आयोडिनचं मलम, त्यावर गॉझ, त्यावर पट्टी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरलं तर पुन्हा तेच.

फोडातून सुईनं दोरा ओवून तो आत ठेवायची जुनी पद्धत आहे. पाणी झिरपत राहतं हे खरं, पण रस्त्यावरची घाण त्याच दोऱ्यानं आत जाते. पावसाळ्यात, जनावरांच्या शेणामुतातून चालताना तर हे मुळीच करू नये. पाणी पिवळट, घट्ट झालं, कडेची लाली पसरायला लागली, ताप आला किंवा जांघेत गाठ आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह असणाऱ्यांनी फोड स्वतः फोडूच नये. त्यांना पायाची संवेदना कमी असू शकते. चटका जाणवत नाही, खडा टोचलेला कळत नाही. त्यांनी दर विसाव्याला तळपाय डोळ्यांनी पाहायचा, वाकता येत नसेल तर छोट्या आरशात किंवा सोबत्याला दाखवून. अनवाणी चालण्याचा नवस मधुमेह असलेल्यानं करू नये, हे मी अगदी हात जोडून सांगेन. पाऊस लांबला आणि हवा चाळिशीला टेकली की दुपारचं डांबर साठ अंशांच्या आसपास जातं. ज्या पायाला ते कळत नाही तो भाजतो. वारी विठोबाला पोहोचते, पाय झाकलेले असोत की उघडे.

पायात काय घालावं? अंगठ्याची चप्पल पंचवीस दिवस चालायला बरी नाही. ती धरून ठेवायला बोटं सारखी आवळली जातात, त्यानं पोटऱ्या भरून येतात आणि टाच उघडी राहून भेगा पडतात. मागे पट्टा असलेली सँडल किंवा जाळीचे हलके बूट घ्या. खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय फुगतो, आणि वारीत तर जास्तच. उभं राहिल्यावर लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर उतारावर नख पुढे आदळतं, खाली रक्त साकळतं आणि नख काळं पडतं. नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी सरळ कापा, कोपरे खोल काढू नका. नवे कोरे जोडे घालून त्र्यंबकला जाऊ नका. त्यातून आधी शंभरेक किलोमीटर चालून झालेले असावेत.

मोजे घालणार असाल तर निव्वळ सुती नकोत. सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो. पातळ सिंथेटिक मोजा आत आणि जरा जाड बाहेर असं दुहेरी घातलं की घासणं दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर येत नाही. तीन जोड पुरतात. दुपारी बदलायचे, ओला जोड सेफ्टी पिनेनं पिशवीला अडकवायचा.

या वाटेची एक खासियत आहे. त्र्यंबकला पाऊस कोसळतो. ज्येष्ठात अधिक मास आला, जसा २०२६ मध्ये आहे, की प्रस्थान जूनअखेरीस जातं आणि पहिलेच मुक्काम चिंब होण्याची शक्यता वाढते. सातपूर, नाशिक, पळसे, मग मोहदरीचा घाट चढून सिन्नर. सिन्नर तालुका पर्जन्यछायेतला. तिथून पुढे नगरपर्यंत कोरडा वारा आणि ऊन. म्हणजे पहिल्या तीन-चार दिवसांत पाय भिजून पांढरे, मऊ पडतात आणि लगेच तापलेल्या रस्त्यावर येतात. मऊ पडलेली कातडी तिथे फाटते. ओल्या दिवसांत दुपारच्या मुक्कामी चपला काढून अर्धा तास पाय उघडे ठेवा. रात्री ओले मोजे घालून कधीच झोपू नका. व्हॅसलीन लावत असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा, ते पुसलं जातं. पावडरचा ओल्यात उपयोग नाही, तिचे गोळे होऊन तेच खड्यासारखे टोचतात.

बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात त्याही याच दिवसांत. खाज, पांढरी सोलणारी कातडी, वास. बेचकं कोरडं करून क्लोट्रिमॅझोलचं मलम दिवसातून दोनदा लावा, आणि खाज थांबली म्हणून चार दिवसांत सोडू नका, डॉक्टर सांगतील तितके आठवडे लावत राहा. पंचा दुसऱ्याचा वापरू नका.

मांड्या घासून सोलवटणं ही गोष्ट लोक लाजेनं सांगत नाहीत आणि पाय फाकवून चालत गुडघे बिघडवून घेतात. आतून मांडीपर्यंतची घट्ट चड्डी, सकाळी व्हॅसलीन, रात्री साध्या पाण्यानं धुऊन कोरडं, एवढ्यानं भागतं. नऊवारीत, धोतरात सुद्धा.

रस्ता कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. रोज त्याच कडेनं चाललं तर एक पाय सतत खाली पडतो आणि त्या बाजूचा गुडघा बाहेरून दुखतो, नाहीतर कंबर धरते. ओळीतली जागा एक दिवसाआड बदलून घ्या. डोक्यावर तुळस असेल तर चुंबळ जाड आणि मऊ हवी. तुळस दर अर्ध्या तासानं दुसरीच्या डोक्यावर द्यावी, मान खाली घालून चालायला लागलं की उशीरच झालेला असतो.

पाण्याबद्दल. एक लिटर पाण्यात ओआरएसची मोठी पुडी एकच. पेल्यात अर्धी पुडी टाकून प्यायल्यानं द्रावण फार घट्ट होतं आणि जुलाब वाढतात. छोटी पुडी २०० मिलीची असते, तेव्हा पुडीवर लिहिलेलं वाचा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. नुसतं पाणी लोट्यामागून लोटा पीत राहिल्यानं रक्तातलं मीठ कमी होऊन डोकं दुखतं, उलटी होते, माणूस बरळतो. तहानेप्रमाणे घोट-घोट प्या. लघवी फिकट पिवळी असावी. गडद झाली तर पाणी कमी पडतंय. ज्यांना रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी आहे त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोलून घ्यावं.

बायका आडोसा मिळत नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, ताप, चक्कर. ही त्यांची चूक नाही, दिंडीच्या व्यवस्थेची आहे. चार जणींनी मिळून एक जुनं लुगडं आणि दोन काठ्या बरोबर ठेवल्या की आडोसा कुठेही उभा राहतो. दिंडीप्रमुखांनी विसाव्याची जागा ठरवताना सावलीइतकंच याकडे बघितलं पाहिजे.

उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या देऊ लागलं आणि अंग चटका लागेल इतकं गरम असेल तर तो उष्माघात. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, काखेत-जांघेत-मानेवर गार फडकी, आणि १०८ ला फोन.

वाटेत कुणी दुखण्यावर गोळी देतं, ती बहुधा डायक्लोफिनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन असते. रिकाम्या पोटी, त्यातून पाणी कमी पडलेलं असताना ती किडनीला आणि पोटाला बाधते. दोन दिवस गोळी खाऊन चाललात तर दुखणं लपतं आणि स्नायू जास्त फाटतो. दुखतंय त्या दिवशी अर्धा टप्पा दिंडीच्या गाडीतून जा. एका पोटरीलाच सूज, गरमपणा आणि ठणका असेल तर ती चोळू नका, शिरेत गुठळी असू शकते. डॉक्टर गाठा.

सराव सहा आठवडे आधी सुरू करा. नाशिकमध्ये कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक सुरुवातीला चांगला, पण तिथली माती मऊ. तेवढ्यावर भागलं असं समजू नका, पंधरा दिवसांनी डांबरावर या. त्र्यंबक रस्ता किंवा गंगापूर रोड, पहाटे, वारीत घालायच्याच जोड्यात. पांडवलेणीच्या पायऱ्या आठवड्यातून दोनदा. चढण्यापेक्षा सावकाश उतरणं महत्त्वाचं, मांड्या तिथेच तयार होतात. शेवटच्या पंधरवड्यात लागोपाठ दोन दिवस अठरा-वीस किलोमीटर चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात ते बघायचं असतं.

आणि पंढरपुरात पोहोचल्यावर दर्शनाची रांग कित्येक तासांची असते. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात, नुसतं उभं राहिल्यावर ते पायात साठतं आणि घोटे सुजतात. रांगेत दर दहा मिनिटांनी वीस वेळा टाचा उचला. पट्ट्या त्या दिवशीही काढू नका. रात्री कोमट पाण्यात भिजवून, कातडीला समांतर ओढत सोडवा.