घाटातली खडखड आणि बहिरा नॉक सेन्सर

गाडी तीच, चढही तोच, खंबाटकीचा. तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला रेस दिली की इंजिनातून बारीक खडखड, डब्यात खिळे हलवल्यासारखी. उभ्या गाडीत आयडलिंगला काहीच नाही, म्हणून टॅपेटवरचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागावरचा) संशय मागे पडला. बेअरिंगचा ठोका जड, घुमणारा असतो. हा तसाही नव्हता. खात्री करायला टाकी खाली होऊ दिली आणि पुण्यातून महागडं १०० ऑक्टेन पेट्रोल भरलं. खडखड जवळजवळ बंद! म्हणजे नॉकिंगच: सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी, धक्क्याने पेटणं; जास्त ऑक्टेनचं पेट्रोल ते टाळतं.

नॉक सेन्सरने हे कंपन ऐकलं की ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, टायमिंग मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी जरा उशिरा टाकायची. मग तो ते का करत नाही? स्कॅनरवर कोड नाही. पी०३२५ हा नॉक सेन्सरच्या सर्किटचा कोड. वायर तुटली की तो लागतो आणि बहुतेक ईसीयू टायमिंग आधीच मागे घेऊन बसतात. गाडी मरगळते, पण सहसा नॉक करत नाही. इथे सगळं उलटं. सर्किट शाबूत, सेन्सरलाच ऐकू येत नव्हतं.

सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखाली, हात घालताना मनगट सोलवटतंच. इंजिन बंद, कनेक्टर काढला, मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरशेजारी ब्लॉकवर पान्याने ठोकलं. आकडा जेमतेम हलला. ओहममध्ये (रोध मोजताना) ओपन दाखवतो, पण पिएझो, म्हणजे कंपनातून व्होल्टेज देणाऱ्या, सेन्सरला ते नॉर्मल. काहींच्या आत रेझिस्टर असतो, तिथे मॅन्युअल बघा. नुसत्या ओहमवरून नवा सेन्सर मागवणं म्हणजे पैसे पाण्यात.

बोल्ट खोलला तर सेन्सरखाली स्प्रिंग वॉशर! कुठल्याशा गॅरेजची कृपा. ब्लॉकवर त्याचा गोल ठसा, मधोमध गंज. नॉकिंगचं कंपन साधारण सहा-सात किलोहर्ट्झचं; सेन्सर थेट धातूला सपाट बसला नाही तर ते वाटेतच मरतं. वॉशर काढून टाकला, जागा बारीक पॉलिश पेपरने घासली, टॉर्क रेंच २० न्यूटन मीटरला लावून बोल्ट आवळला. अंदाजपंचे आवळू नका, जास्त झालं तरी सिग्नल बिघडतो. आता त्याच ठोक्याला छोट्या स्कोपवर उंच लहर उठते आणि थरथरत विरते.

घाटात लाइव्ह डेटा बघायला शेजारी भावाला बसवलं. खडखड सुरू होताच टायमिंग काही अंश मागे येतं, मग हळूहळू सावरतं. साध्या पेट्रोलवरही आवाज क्षणभरच. पण पूर्ण गेलेला नाही. गाडी बहुतेक गावातल्या गावात फिरते, त्यामुळे माझा संशय पिस्टनवरच्या कार्बनवर. प्लगच्या भोकातून बघायला ५.५ मिमीचा बोअरस्कोप साताऱ्याच्या आसपास कोणाकडे असेल तर कळवा, पेट्रोल माझ्याकडून.