किती पानं मांडायची?

शाळेने काय दिलं याबद्दल शाळेच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत पुष्कळजण लिहितील. मी एकाच धड्याबद्दल लिहिणार आहे. नववीत इंग्रजीच्या बाईंनी आम्हाला निमंत्रण लिहायला शिकवलं, आणि त्याहून जास्त मन लावून निमंत्रणाला उत्तर द्यायला शिकवलं.

त्यासाठी त्यांनी घरोघरच्या जुन्या पत्रिका मागवल्या होत्या. इंग्रजी पत्रिका आमच्याकडे क्वचित. कुणाचे काका मुंबईला नोकरीत असले तर त्यांच्याकडून आलेली एखादी, तीच मग वर्गभर फिरायची. बाई ती फळ्यावर जशीच्या तशी उतरवायच्या. पहिल्या ओळीत यजमानांची नावं, खाली ‘रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युवर कंपनी’, मग प्रसंग, वार-तारीख, वेळ, ठिकाण. सगळं मिळून एकच वाक्य, ओळींमध्ये विभागलेलं. वर ‘डिअर’ नाही, खाली सही नाही, ‘मी’ आणि ‘आम्ही’ तर कुठेच नाही. तळाशी डाव्या कोपऱ्यात ‘आर.एस.व्ही.पी.’ ही फ्रेंचमधून आलेली चार अक्षरं, म्हणजे कृपया उत्तर द्यावे, आणि उत्तर पाठवायचा पत्ता.

शेजारी आपली पत्रिका. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून सुरू होऊन ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत सगळं घर त्यात बोलत असतं. ‘सहकुटुंब सहपरिवार’ म्हटलं की कुणी मागे राहत नाही. इंग्रजी पद्धतीत मात्र पाकिटावर ज्यांची नावं, तेवढेच पाहुणे. यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. आपल्याकडे पत्रिका द्यायला माणूस येतो, अक्षता देतो, चहा घेतो, आणि ‘येताय ना?’चं उत्तर तिथेच मिळतं. कार्ड पोस्टाने येतं, त्याला विचारता येत नाही, म्हणून उत्तर लिहायचं. बाईंचं हे स्पष्टीकरण मला आजही पुरतं.

मग अर्धा वर्ग यजमान आणि अर्धा पाहुणे. पाहुण्यांनी दुसऱ्या दिवशी उत्तर आणायचं. यजमानाला उभं करून बाई विचारायच्या, “तुझ्याकडे किती पानं मांडायची?” ज्याची सगळी उत्तरं आलेली असायची तो चटकन सांगायचा. ज्याची आलेली नसायची तो पाहुण्यांच्या बाकांकडे बघत राहायचा, आणि उत्तर का लिहायचं हे त्या बाकांवरच्या मुलांना न सांगता कळायचं.

उत्तराचे नियम त्यांनी कारणांसह सांगितले. निमंत्रण तृतीयपुरुषी असेल तर उत्तरही तसंच. येणार असाल तर वार, तारीख आणि वेळ पुन्हा लिहायची, कारण आपण काही चुकीचं वाचलं असेल तर यजमानाला ते कळवायला अवधी मिळतो. येणार नसाल तर तारीख पुरे, आणि कारण थोडक्यात: आधी ठरलेलं काम आहे. मैत्रिणीने साध्या पत्रातून बोलावलं असेल तर ही सगळी बंधनं सुटतात. तिथे ‘डिअर’ही हवं, सहीही हवी, आणि येता येत नसेल तर खरं कारण मोकळेपणाने लिहायचं. ‘बघते, जमलं तर येते’ हे उत्तर मात्र त्यांना दोन्हीकडे चालत नसे.

मी गेली बरीच वर्षं पुण्यात एका हॉटेलच्या बँक्वेट विभागात काम करते. लग्नं, साखरपुडे, कंपन्यांची जेवणं, सगळं आमच्याकडे होतं. यजमान समारंभाच्या आधी ताटांचा किमान आकडा देतो, त्याला आम्ही गॅरंटी म्हणतो. पाहुणे कमी आले तरी तेवढ्या ताटांचे पैसे त्याला भरावेच लागतात. जास्त आले तर ऐनवेळी स्वयंपाकघरात धावपळ होते, आणि शेवटच्या पंगतीला एखादा पदार्थ कमी पडतो. मुलीचे वडील हातात यादी घेऊन एकेका नावापुढे प्रश्नचिन्ह करत बसलेले मी पाहते, तेव्हा न येणाऱ्याने वेळेवर पाठवलेला नकार हीसुद्धा त्यांना केलेली मदत आहे असं मला मनापासून वाटतं. नकार कळवणं अपमानाचं आहे, ही आपल्याकडची समजूत जायला हवी. मोबाइलवर आलेल्या पत्रिकेला हात जोडल्याचं चित्र पाठवून यजमानाला काहीच कळत नाही. येतो की नाही, आणि किती जण, एवढं लिहायला एक ओळ लागते.

महोत्सवाच्या निमित्ताने शाळेला माझी एक विनंती आहे. माजी विद्यार्थी मेळाव्याचं इंग्रजी निमंत्रण आताच्या नववीच्या मुलामुलींना लिहू द्यावं, आणि आमची उत्तरं त्यांच्याच वर्गाच्या पत्त्यावर मागवावीत. परदेशातून येणारे नकारही त्यांना वाचायला मिळतील. कुणाचं उत्तर आलं नाही तर त्याला आठवणीचं पत्र कसं लिहायचं, हेही त्यांना शिकवता येईल. आणि जेवणाचा आकडा आचाऱ्याला त्यांनीच कळवावा.