अण्णांचा अटॅक आणि ईसीजीच्या पट्ट्या : माझा अनुभव

मागच्या ऑक्टोबरमधली गोष्ट, मखमलाबादला आमच्या बागेची छाटणी चालू होती. पहाटे साडेचारला अण्णांच्या छातीत दुखायला लागलं, घामाने बनियन भिजलं, ते म्हणाले पित्त झालंय आणि आम्ही पण सोडा दे, जिऱ्याचं पाणी दे असं करत दीड तास घालवला. तो दीड तास मला अजून टोचतो.

६ वाजून १० मिनिटांनी जवळच्या छोट्या दवाखान्यात पहिला ईसीजी निघाला. डॉक्टर पट्टी बघून लगेच बोलले, हार्टच्या पुढच्या भागाचा अटॅक आहे, व्ही १ ते व्ही ४ मध्ये (म्हणजे छातीवरच्या जागांवरून घेतलेल्या रेघांमध्ये) एसटी, म्हणजे ठोक्याच्या रेघेचा एक भाग, वर गेलीये. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच दिलं नि ॲम्ब्युलन्सने नाशिकला मुंबई नाक्याच्या हॉस्पिटलकडे पाठवलं. निघताना सिस्टर म्हणाल्या, दादा पट्टीचा फोटो काढून ठेवा, टाइम दिसला पाहिजे.

त्या फोटोची किंमत आठ वाजता कळली. इंजेक्शनला दीड तास झाल्यावर दुसरा ईसीजी काढला, तिथल्या डॉक्टर मॅडमनी दोन्ही शेजारी ठेवून पेनाच्या टोकाने एसटी किती बारीक चौकोन वर गेलीये ते मोजलं, व्ही ३ मध्ये आधी पाच होते, आता तीन. मला वाटलं कमी झालं म्हणजे बरंच झालं. त्या म्हणाल्या, एवढ्या वेळात किमान निम्मी तरी खाली यायला हवी होती, नाही आली म्हणजे हार्टची रक्ताची नळी बहुतेक उघडलीच नाही, आणि ती बंद राहील तितका स्नायू मरत जाणार. इकडे अण्णांचं दुखणं कमी झालेलं, चहा मागत होते! तरी तसंच अँजिओला (नळ्यांच्या तपासणीला) घेतलं, डावीकडून पुढे येणारी मोठी नळी बंदच निघाली, स्टेंट टाकला. त्यानंतरच्या पट्टीत एसटी एका चौकोनावर आली तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसलो.

चौथ्या दिवशी व्ही १ ते व्ही ३ मध्ये क्यू वेव्ह, म्हणजे ठोक्याच्या सुरुवातीला खाली जाणारी रेघ, दिसल्या. मॅडमनी सगळं समजावलं, बारीक चौकोनाची रुंदी म्हणजे ०.०४ सेकंद, क्यू रुंद आणि खोल असली की तिथला स्नायू गेलाय असं धरतात. सेल्व्हेस्टर स्कोअर म्हणून पद्धत आहे, ईसीजीला मार्क द्यायचे, एका मार्काला डाव्या कप्प्याचा साधारण ३ टक्के भाग. अण्णांना पाच मार्क, म्हणजे १५ टक्के. पण हा अंदाज, काही स्नायू नुसता बधिर झालेला असतो, तो परत काम करायला लागतो, म्हणून हार्टचं पंपिंग टू डी इकोवर (हार्टच्या सोनोग्राफीवर) पुन्हा बघायचं. तेव्हा ३८ टक्के होतं, तीन महिन्यांनी ४८ आलं.

तुमच्या घरात कुणाला झालं तर प्रत्येक पट्टीचा तारीख-वेळेसकट फोटो काढाच, त्या कागदावरची छपाई उडते. अण्णांची पहिली पट्टी आत्ताच पुसट झालीये, मी प्रत्येक व्हिजिटला फोटोच दाखवतो.