प्रश्नाच्या बदल्यात पुस्तक

आमच्या वेळी शाळेचं ग्रंथालय म्हणजे शिक्षकांच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं. किल्ली मराठीच्या सरांकडे. मधल्या सुट्टीत आम्ही दाराशी उभ्या राहिलो की ते कोणतं पुस्तक हवं ते विचारत नसत. "बाय, तुला काय जाणून घ्यायचंय?" असं विचारत. उत्तर नसेल तर उद्या ये.

त्या वर्षी माझ्या दादाने शाळा सोडली होती. घरात सुतकासारखं वातावरण. मी सरांना विचारलं, शाळा सुटली की शिकणं संपतं का? त्यांनी धर्मानंद कोसंबींचं आत्मचरित्र 'निवेदन' काढून दिलं. गोव्यातल्या सांखवाळसारख्या खेड्यात १८७६ साली जन्मलेला हा माणूस, शालेय शिक्षण जेमतेम. बुद्धाविषयी वाचलं आणि त्या ओढीने घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला आणि पुढे हार्वर्डमध्ये पाली ग्रंथाच्या संपादनाला बोलावला गेला. मागे ठेवलेल्या बायको-मुलीची सलही त्यात आहे. म्हणून तो मला आणखी खरा वाटला. ते पुस्तक दादाने माझ्याआधी संपवलं.

दुसरा प्रश्न शेताचा. डिचोलीकडच्या आमच्या गावातून खनिजाचे ट्रक जात, आणि पावसात खाणीवरची तांबडी माती वाहून भातात बसे. हे कुणी लिहिलंय का, असं मी विचारलं. साल १९८६, गोव्याची भाषा कोकणी की मराठी हा वाद पेटलेला. अशा दिवसांत मराठीच्या सरांनी माझ्या हातात कोकणी कादंबरी ठेवली: पुंडलीक नायकांची 'अच्छेव'. शेती सोडून खाणीच्या पैशामागे गेलेलं गाव आणि आतून उसवत जाणारं एक घर. वाचताना मला आमच्या वाड्यावरची माणसं दिसत होती. सरांच्या त्या कृतीचं मोल मला फार उशिरा कळलं.

मग बिभूतिभूषण बंदोपाध्यायांची 'आरण्यक', अर्थात अनुवादातून. त्यातला निवेदक जंगलाच्या प्रेमात पडतो, आणि ते जंगल तोडून जमीन कुळांना वाटणं हीच त्याची नोकरी. बिहारच्या रानातली ही गोष्ट मला आमच्या खाणीवर राबणाऱ्या प्रत्येक बापाची वाटली. 'अच्छेव'नंतर लगेच वाचा, असं मी आजच्या मुलांना आग्रहाने सांगेन.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' मात्र सलग वाचू नका. बारा महिने, बारा लेख. ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचा आणि मग परसात जाऊन बघा. दामोदर मावजोंची 'कार्मेलिन' नववी-दहावीच्या मुलींनी वाचावी. कुवेतला घरकामाला गेलेल्या बाईची ही कथा आहे, आणि गोव्यात आखातात गेलेलं माणूस नाही असं गाव शोधूनच काढावं लागेल. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' थोडं थांबून, महाभारताच्या गोष्टी पाठ झाल्यावर. कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे त्यांनी माणसं म्हणून पाहिलंय, आणि लहानपणी ऐकलेल्या गोष्टींना आपणही प्रश्न विचारू लागतो.

सर आता नाहीत. ही सहाही पुस्तकं मी शाळेला देत आहे. शाळेतल्या बाईंना एकच विनंती, ती कपाटात कुलूपबंद राहू नयेत. आणि देताना मुलांना आधी तो प्रश्न विचारावा.