यवतेश्वर घाटासाठी गाडीचा हॉर्न बदलला

साताऱ्यातून यवतेश्वर घाट चढून वर गेलं की कासच्या रस्त्याला माझी शाळा आहे. सकाळी वर, दुपारनंतर खाली, असं रोजचं. पावसाळ्यात या घाटात धुकं उतरतं तेव्हा बॉनेटच्या पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही. मग भरदिवसा लाइट लावायचे, काच थोडी खाली घ्यायची आणि कानावर भरवसा ठेवून गाडी काढायची.

गेल्या ऑगस्टमध्ये अशाच धुक्यात एका वळणावर वरून दुधाचा पिकअप आला आणि थेट माझ्यासमोर उभा राहिला. दोघांनीही करकचून ब्रेक दाबले. मध्ये वीतभर जागा राहिली असेल. उतरून तो पुढे आला. भला माणूस होता, तोही घाबरलेला. म्हणाला, "ताई, वळणावर हॉर्न द्यायचा की हो." मी दोनदा दिला होता. त्याच्या केबिनमध्ये गाणीसुद्धा चालू नव्हती. आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्या दिवशी वर्गात फळ्यावर तारीख लिहिताना हात थरथरत होता, आणि हॉर्न बदलायचं मी तिथेच ठरवलं.

माझी गाडी छोटी हॅचबॅक, कंपनीकडून एकच हॉर्न आलेला. बारीक, वरच्या पट्टीतला 'पीं'. साताऱ्याच्या बाजारात पुढचा माणूस बाजूला व्हायला तेवढा पुरतो, घाटात पुरत नाही. माहेर कोरेगावला, त्यामुळे उसाचा हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागून गाठायचे. त्यांच्यावर मोठे स्पीकर लावलेले. अशा वेळी या हॉर्नचा काही उपयोग नाही, हे मला आधीपासून ठाऊक होतं. मी ते चालवून घेत होते, एवढंच.

पहिल्या दुकानात मला सरळ प्रेशर हॉर्न काढून दाखवला. मी नको म्हटलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९व्या नियमात कर्कश, दचकवणारा किंवा एकामागून एक सूर बदलणारा हॉर्न बसवायला मनाई आहे. नियम बाजूला ठेवला तरी अरुंद घाटात असा आवाज ऐकून समोरचा दुचाकीवाला बिचकला तर दरीकडेच जाणार. मला तसलं काही नको होतं. वळणापलीकडच्या माणसाला 'कुणीतरी येतंय' एवढं वेळेत कळावं, बस.

मग गोडोलीतल्या आमच्या नेहमीच्या वायरिंगवाल्या काकांकडे गेले. नवीन काही विकण्याआधी त्यांनी जुनाच हॉर्न तपासला, हे मला फार आवडलं. हॉर्नचा कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लग, काढून मीटर लावला आणि मला बटण दाबायला सांगितलं. व्होल्टेज बॅटरीइतकंच पोचत होतं. "हॉर्न खराब नाही ताई, त्याची ताकदच एवढी," म्हणाले. इथे व्होल्टेज कमी निघालं असतं तर नवीन हॉर्नही तसाच कण्हला असता. म्हणून कुणी बदलणार असेल तर आधी हे बघून घ्यावं.

त्यांनी शंखाच्या आकाराच्या विंडटोन हॉर्नची जोडी सुचवली. एक खालच्या सुराचा, एक वरच्या, दोन्ही एकदमच वाजणारे. खालचा सूर वळणाला, कड्याला वळसा घालून पलीकडे जास्त चांगला पोचतो. वय झालेल्या माणसांना बारीक सूर आधी ऐकू येईनासे होतात, त्यांनाही हा सूर कळतो.

जोडी मिळून साधारण दहा अँपिअर करंट ओढते. एवढा करंट एका बारक्या हॉर्नसाठी केलेल्या मूळच्या वायरीतून आणि बटणातून नेला तर फ्यूज उडतो, वायर तापते. म्हणून मध्ये रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हवाच. जुन्या हॉर्नचा कपलर रिलेच्या ८५ आणि ८६ या पिनांना जोडायचा. बॅटरीच्या प्लसवरून २० अँपिअरचा फ्यूज घालून जाड वायर ३० नंबरला, आणि ८७ वरून दोन्ही हॉर्नना. बटण फक्त रिले उठवतं, खरा करंट बॅटरीतून सरळ येतो. काकांनी तयार हार्नेस, म्हणजे जोडणीच्या वायरींचा तयार संच, वापरला, गाडीची मूळ वायर कुठेही कापली नाही. वॉरंटी शिल्लक असलेल्यांनी यावर अडून बसावं. स्टिअरिंगला तर हात लावायचं कारणच नाही, तिथे एअरबॅग असते.

काम सुरू करताना दहा नंबरच्या पान्याने आधी बॅटरीची मायनस काढली. बंपर उतरवताना प्लास्टिकच्या दोन क्लिपा तुटल्या, त्या नव्या घातल्या. हॉर्न रेडिएटरसमोरच्या पट्टीला दोन बाजूंना बसवले, तोंडं खाली करून. शंखाचं तोंड वर किंवा समोर राहिलं की पावसाचं पाणी आत साठतं आणि आवाज बसतो. ब्रॅकेटशिवाय हॉर्न कुठेही टेकू द्यायचा नाही. टेकला की मोकळा वाजत नाही.

सगळं जोडून बटण दाबलं तर उजवीकडचा घोगरा, घसा बसल्यासारखा. मला वाटलं पीसच खराब आला. काकांनी मीटरची एक पिन त्या हॉर्नच्या अर्थच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या वायरीच्या टोकाला धरली, दुसरी बॅटरीच्या मायनसला, आणि परत वाजवायला सांगितलं. तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं होतं, दिसले दोन व्होल्टच्या वर. अर्थची चकती रंगावरच आवळलेली होती. बोल्ट सोडून त्यांनी सँडपेपरने रुपयाएवढा गोल घासला, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन लावलं, गंज धरू नये म्हणून. पुन्हा बटण दाबलं आणि दोन्ही सूर असे भरून आले की शेजारच्या पंक्चरवाल्याने मान वर करून बघितलं. मजुरीसकट १,८५० रुपये झाले.

त्या रविवारी भाच्याला घेऊन घाटात गेले. त्याला वळणापलीकडे कठड्याच्या आत उभं केलं आणि खालून येताना एकदाच हॉर्न दिला. "आत्या, गाडी दिसायच्या बरंच आधी कळलं," म्हणाला.

आवाज वाढला तशी मी बटणावर जास्त सांभाळून हात ठेवते. सिव्हिल हॉस्पिटलसमोरून जाताना वाजवत नाही. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, आणि विनाकारण हॉर्न दिला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा १,००० रुपये दंड आहे. वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा तर अगदी जिवावरचा प्रसंग असेल तेव्हाच.

जुना हॉर्न कापडात गुंडाळून डिकीत ठेवला आहे. वायर कापलेली नाही, त्यामुळे कधी नवीन बंद पडले तर कपलर लावून तो परत चालू करता येतो. पावसाळा सुरू व्हायच्या आधी अर्थचा तो बोल्ट एकदा उघडून बघायचा, असं काकांनी सांगितलं आहे.