फणसाच्या गिटारला कुठलं पिकअप?

आमच्या घरामागचा जुना फणस एका पावसात आडवा झाला, त्याच्या फळ्या काकांनी गोठ्याच्या माळ्यावर सुकत टाकल्या होत्या, त्यातलीच एक उचलून मी फोंड्याजवळच्या एका मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, इलेक्ट्रिक गिटारची बॉडी करून घेतली. माणूस देव्हारे करणारा, पण नेकचा, म्हणजे गिटारच्या दांडीचा, खाचा असा घट्ट की मधे कागद जाणार नाही. फणस वीणेला चालतो, मृदंगाला चालतो, मग गिटारला का नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. आणि चालला. पिवळाधमक रंग, आणि प्लग न लावता वाजवली तरी पोटाला थरथर लागते. नेक तेवढी तयार घेतली, साडेपंचवीस इंच स्केलची, म्हणजे वाजणारी तार तेवढी लांब.

घोळ पिकअपमध्ये झाला, म्हणजे तारेखालच्या मॅग्नेट आणि कॉइलच्या त्या डबीत, जी तारेची थरथर अँपकडे पाठवते. तेव्हा जोर जास्त म्हणजे आवाज चांगला असं डोक्यात होतं म्हणून ऑनलाइन दोन सिरॅमिक मॅग्नेटची हाय आउटपुट हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारी दोन कॉइलची पिकअप, मागवली. डिस्टॉर्शनवर बरी वाटायची पण क्लीनवर सगळं पांघरुणाखालून आल्यासारखं. मी लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो आणि जत्रेच्या नाटकात नाट्यपदांना ऑर्गनच्या बाजूला गिटार घेऊन बसतो, तिथे तार ओढून मींड घेतली की स्वर शेवटपर्यंत ऐकू यायला पाहिजे, तो मधेच विरायचा, आणि खालच्या तीन तारा एकदम छेडल्या की नुसता गोळा.

वैतागून मेस्ताकडे गेलो. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेले, त्यामुळे अँप लावायचा प्रश्नच नव्हता. त्याने गिटार मांडीवर घेतली, आपण फणस पिकलाय का बघायला बोटाने वाजवून बघतो ना तशी बॉडी ठिकठिकाणी वाजवली, मग बॉडीच्या वरच्या शिंगासारख्या टोकाला कान लावला आणि मला म्हणाला तार छेड. म्हणाला, "पयलीं लाकूड कितें सांगता तें आयक." मीही कान लावला. गिटारचा स्वतःचा आवाजच खर्जाकडे झुकलेला, भरलेला, वरची कड कमी. म्हणजे जे आधीच भरपूर होतं त्यावर मी आणखी जाड पिकअप चढवून बसलो होतो.

कोणी पिकअप बदलायचं म्हणालं की आता मी आधी हेच सांगतो, प्लग काढा आणि गिटार ऐका. नंतर पैसे न लागणाऱ्या गोष्टी करा. मी पिकअप खाली केली, मॅग्नेट तारेच्या फार जवळ असलं की तार खेचली जाते आणि खर्ज फुगतो. मग मागचं झाकण उघडलं तर व्हॉल्यूम पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणाखालचा रेझिस्टन्स, २५० केचं (के म्हणजे किलोओहम)! ते सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपला, ठीक, हंबकरला साधारण ५०० केचं लावतात, कारण पॉटची व्हॅल्यू कमी असली की पूर्ण उघडलेलं असतानाही वरची धार थोडी ग्राउंडला जाते. पॉट बदललं तिथेच बराच फरक पडला. पण मींड मधेच विरायची काही थांबेना, मग मात्र पिकअप शोधायलाच लागलो.

इथे लोक पिकअपच्या कॉइलच्या रेझिस्टन्सचा नुसता आकडा बघतात, मीही बघत होतो. पण तार बारीक असली की तेवढ्याच वेढ्यांना आकडा वाढतो. सेमूर डंकन या पिकअपच्या कंपनीचं जेबी हे हंबकर सोळा केच्या वर जातं पण त्यात ४४ गेजची तार आहे (गेजचा आकडा मोठा तशी तार बारीक), जुन्या गिब्सन हंबकरमध्ये ४२ गेजची, ती साडेसात-आठ के दाखवतात. आकडा दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट असं काही नाही, आणि मॅग्नेट कुठलं हे त्यात कळतच नाही. ते जुनं हंबकर सेथ लव्हर या इंजिनिअरने गिब्सन या गिटार कंपनीत असताना केलेलं, पेटंटचा अर्ज १९५५ चा आणि पेटंट मिळालं १९५९ ला, म्हणून त्या काळच्या पिकअपखाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं स्टिकर असायचं. वेढे तेव्हा एकसारखे पडत नसत, त्यामुळे प्रत्येकाचा आवाज थोडा वेगळा. मला हवी होती ती याच घराण्यातली मोकळी, कमी जोराची पिकअप.

सिंगल कॉइलचाही मोह झाला होता, खरं सांगतो, तो काचेसारखा आवाज मला फार आवडतो. पण जत्रेच्या मंडपात ट्यूबलाइट, डिमर, जनरेटर सगळं शेजारी, तिथे ती गुणगुण पदाच्या सुरुवातीच्या शांत आलापात ऐकू आली तर गाणाऱ्यावर अन्याय होतो. त्यामुळे हंबकरच.

शेवटी नेकच्या बाजूला डंकनचं जॅझ नावाचं हंबकर घेतलं, अल्निको पाच मॅग्नेट, आठ केच्या आत. आधी एकच घेतलं, ब्रिजजवळचं, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथलं, जुनंच ठेवलं. राळेच्या वासात रात्री अकराला सोल्डरिंग संपलं, नेकवर वाजवलं आणि अक्षरशः अंगावर काटा आला, एकेक तार वेगळी! मग दोन्ही पिकअप एकदम वाजवायला स्विच मधे केला तर आवाज एकदम पातळ, फोनच्या स्पीकरसारखा. दोन कंपन्यांची पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये होती, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याचा कापत होता. चार वायरींचं पिकअप असलं की हे सोपं आहे, डंकनमध्ये काळी हॉट (सिग्नलची) आणि हिरवी ग्राउंडला असते, त्या दोन उलट केल्या, उघडी शील्डची वायर ग्राउंडलाच ठेवली, झालं. रंग मात्र कंपनीगणिक बदलतात, डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीत लाल हॉट असते, तेव्हा चार्ट बघितल्याशिवाय सोल्डरिंगची इस्त्री तापवू नका.

ब्रिजला दोन महिन्यांनी डंकनचंच फिफ्टीनाइन घेतलं, पण ट्रेमबकर या जास्त रुंद मापाचं. माझ्या ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेत साडेबावन्न मिलिमीटर आहे, नेहमीच्या हंबकरचे बाहेरचे पोल (तारांखालचे लोखंडी खिळे) साधारण ४९ वर येतात, मग कडेच्या तारा पोलच्या बाहेर पडतात. पट्टी घेऊन मोजा, अंदाजाने मागवू नका.

यंदाच्या जत्रेत पहिलं पद झाल्यावर ऑर्गनवाले काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तारा बदलल्यास काय रे? आज तुझा पंचम माझ्यापर्यंत पोचतोय." सध्या शेवटच्या फ्रेटवर तार दाबून नेकचं पिकअप खर्जाच्या बाजूला तीन मिलिमीटर, वरच्या बाजूला दोनवर ठेवलंय. खर्जाच्या बाजूला अजून अर्धा स्क्रू खाली करून बघणार आहे.