तुम्ही विचारलंत म्हणून : बाई, तुमचं वर्ष नेमकं सुरू कधी होतं?

"बाई, तुमचं वर्ष नेमकं सुरू कधी होतं?" लोक मला हे पाडव्याला विचारतात, मोहरमला विचारतात आणि लग्नाच्या मांडवात पंगतीला बसल्यावरही विचारतात. विचारणारे बहुतेक माझेच जुने विद्यार्थी. नोकरीची सगळी वर्षं मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत काढली, आता त्यांतल्या कितीकांची मुलं कॉलेजात आहेत. या प्रश्नाला जोडून दुसरा येतोच: तुमची ईद दरवर्षी मागं का सरकते? आणि बायका हळूच तिसरा विचारतात, एवढ्या माणसांच्या घरात सगळ्यांचं जमतं कसं? तिन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या लेखी एकच आहे. ते उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव मेहकर तालुक्यात, पैनगंगेच्या अंगाला. सोयाबीन, तूर, थोडा कापूस, आणि विहिरीला पाणी राहिलं तर गहू-हरभरा. वाडा एक, त्यात दोन भावांचा पसारा. माझे मोठे जेठ, त्यांना मी भाईजान म्हणायची, आणि आमचे हे. दोघांची मुलं, सुना, नातवंडं. एक पुतण्या पुण्याला कंपनीत, एक नात अकोल्याला नर्सिंगला. चुली दोन आहेत. कोणाची शाळा, कोणाचं शेत, कोणाचं दुकान, जेवणाच्या वेळा जुळेनात. तेव्हा आपा, म्हणजे माझी जेठाणी, आणि मी बसून हे ठरवलं. भांडण काही झालं नव्हतं. पण रमजानात चूल एकच. पहिल्या सहरीला, म्हणजे रोजा धरण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, दोन्हीकडची कणीक एका परातीत पडते. हिजरी सन मोहरमला बदलतो, सालदाराचं साल पाडव्याला, बँकेचं एप्रिलला, शाळेचं जूनमध्ये. माझं वर्ष विचाराल तर त्या परातीपासून धरा.

आता सरकण्याचं. मराठी महिनेही चंद्राचेच आहेत, हे वर्गात सांगितलं की पोरं चकित व्हायची. चंद्राचे बारा महिने भरतात 354 दिवसांत. सूर्याच्या वर्षाला ते अकराएक दिवस कमी पडतात. मराठी पंचांगात ही तूट साठत गेली की साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालून भरून काढतात, म्हणून पोळा पावसाळ्यातच राहतो आणि दिवाळी सुगीलाच येते. आमच्यात अधिक महिना नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि तेहतीसएक वर्षांत सगळे ऋतू फिरून परत त्याच जागी येतो.

2025 मध्ये पहिला रोजा 2 मार्चला होता. एकोणतिसावा आला 30 मार्चला, आणि त्या दिवशी पाडवा. सूर्य मावळताना शेजारी गुढी उतरवत होते, आमची पोरं गच्चीवर पश्चिमेकडं डोळे लावून उभी होती. आधी दिसला तो शेजारच्या धाकट्या सुनेला, हातात गुढीचं पातळ तसंच. "बाई, तो पाहा, चिंचेच्या वर!" मग आमच्या गच्चीवर एकच गलका: "दादी, चांद दिखा!" नव्या चैत्राची कोर आणि ईदचा चांद एकच होता. असं लागोपाठ दोन-तीन वर्षं घडू शकतं, मग मध्ये अधिक महिना येतो आणि जोडी सुटते. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणजे त्यापुढं पाडवा एकीकडं आणि ईद एकीकडं.

पण मला सांगायचं आहे ते यापुढचं. मार्चचा रमजान माझ्या आयुष्यात तिसऱ्यांदा आला. पहिल्यांदा 1960 च्या सुमारास, मी परकरातली. आईजवळ घड्याळ नव्हतं, सहरीची वेळ अजान देणाऱ्या मोअज्जिनच्या आवाजावर आणि आकाशातल्या चांदण्यांवर. दुसऱ्यांदा 1992 ला, तेव्हाही रमजान मार्चच्या पहिल्या आठवड्यात लागला. मी नोकरीवरची सून, पोरं लहान, शाळेत वार्षिक परीक्षा जवळ आलेल्या आणि शेतात गव्हाची सोंगणी. त्या वर्षी सासूबाईंनी मला एक गोष्ट शिकवली. मार्चच्या रोज्यात भूक त्रास देत नाही, दुपारचं ऊन देतं. म्हणून सहरीला चपाती नको, ज्वारीची भाकर आणि दही, आणि सोंगणीचं काम पहाटेच्या फजरच्या नमाजनंतर लगेच, ऊन चढायच्या आत उरकायचं. त्यांना हे कुठून माहीत? त्यांच्या सासूनं 1960 च्या फेऱ्यात सांगितलेलं. 2025 ला मी तेच सुनांना सांगितलं. मधल्या बत्तीस-तेहतीस वर्षांत हे कोणाच्या उपयोगाचं नव्हतं. 2016 चा रमजान 7 जूनला, ऐन मृगाच्या तोंडावर लागला होता, तेव्हाची व्यवस्था निराळी: रोजा जवळजवळ पंधरा तासांचा, पेरणी थांबवता येत नाही, म्हणून रोजेदारांनी सकाळची पाळी धरायची आणि दुपारनंतर तिफणीमागं बिनरोज्याची माणसं. त्यांत आमच्या सालदाराचा मोठा हात होता.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काम मला विचाराल तर हे आहे. चंद्र मागच्या वेळी या मोसमात आला होता तेव्हा घर कसं चाललं, हे लक्षात ठेवायचं. एकट्या नवरा-बायकोच्या घराला हे पुस्तकात सापडणार नाही आणि मोबाइलवरही नाही.

एक गोष्ट मात्र मी सासूबाईंसारखी ठेवली नाही. रोजा सगळ्यांचा आणि तीन वाजता उठणं फक्त सुनांचं, हे मला कधी पटलं नाही. आता भाकरी सुना थापतात, पण बाकी सगळं, दही घुसळण्यापासून भांडी घासण्यापर्यंत, नातू करतात. सुरुवातीला कुरकुर झाली. मी मास्तरीण आहे, कुरकुरीची मला सवय आहे.

ईदच्या आदल्या दिवशी घराची खरी मोजदाद होते. नमाजला जाण्याआधी फितरा काढायचा असतो, माणशी पावणेदोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत, गरिबाच्याही घरी ईद व्हावी म्हणून. आमच्याकडे गहूच मोजतात. आपा वाड्याच्या ओट्यावर तराजू घेऊन बसल्या आणि एकेक नाव घेऊन माप टाकत गेल्या. पुण्यातला आला का, आला. अकोल्याची आली का, आली. शेवटी मधल्या सुनेकडं पाहून म्हणाल्या, "और इसका?" तिच्या मांडीवर आठवड्याचं बाळ होतं. त्याचंही माप पडलं. त्याच्या अकीक्याचे, म्हणजे जन्मानंतरच्या विधीत काढलेले केस कागदाच्या पुडीत होते, त्यांच्या भाराइतकी चांदीही त्याच दिवशी दान गेली. इतकंसं ते, आणि त्याच्या नावानं कोणाच्या तरी घरात गहू गेला, हे पाहून माझा जीव भरून आला.

मग जून. बकरी ईद 7 जूनला आणि दुसऱ्या दिवशी मृग. घरात बियाणं, खत आणि बोकड यांचा खर्च एकदम उभा. याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि धर्माचंही तेच आहे: ज्याची ऐपत आहे त्यानं कुर्बानी करावी, कर्ज काढून नाही. आमच्यात दोन भावांपैकी ज्याच्या हाती त्या वर्षी पैसा मोकळा असेल तो करतो आणि दुसरा बियाण्याचं पाहतो. मटणाचे तीन वाटे, घराचा, नातेवाइकांचा, गरिबाचा. तिसरा वाटा आधी घराबाहेर पडतो, मग आमची हंडी चढते.

मोहरमची दहा तारीख 6 जुलैला आली आणि त्याच दिवशी आषाढी एकादशी. 2024 लाही दोन्ही 17 जुलैला होत्या. यात चमत्कार काही नाही. मराठी तिथी अमावस्या संपली की मोजायला लागतात, आमची तारीख कोर डोळ्यांना दिसली की, म्हणजे एखादा दिवस उशिरा सुरू होते, म्हणून आमची दहा एकादशीच्या आसपास पडते. 29 जून 2023 ला तर आषाढी आणि बकरी ईद एका दिवशी होती. तेव्हा महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुसलमानांनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली, आमच्या गावातही. तिला तीन दिवसांची मुभा असतेच. 2025 ला आमच्या घरात रोजा, शेजारी उपास. मोहरमची सवारी निघाली तेव्हा तिच्यापुढं पाणी ओतायला नेहमीसारख्या गावातल्या सगळ्या आळ्यांतल्या बाया आल्या, नवस तर त्यांचेच जास्त असतात. शरबत सगळ्यांनी घेतलं. खिचडा शेजाऱ्यांसाठी वेगळ्या पातेल्यात, बिनमटणाचा, दुसऱ्या दिवशी बारशीला शिजवला. त्याच महिन्यात नागपूरला ताजुद्दीन बाबांचा उर्स, म्हणजे पुण्यतिथीचा उत्सव होता. बाबांना जाऊन ऑगस्ट 2025 ला शंभर वर्षं झाली, पण उर्स होता एकशे तिसरा, कारण तो चंद्रावर मोजतात. नातवानं हे गणित स्वतः मांडून दाखवलं तेव्हा मला शाळेत असल्यासारखं वाटलं.

पोळ्याला आमची जोडी तोरणाखाली उभी राहते, आदल्या संध्याकाळी खांद्यांना हळद-तूप चोळलेलं असतं. यावर लोक मला फार विचारतात. सांगण्यासारखं काही नाही, बैल आमचे आहेत.

ईद-ए-मिलाद 5 सप्टेंबरला होती, गणपती विसर्जन 6 ला. जाणत्या माणसांनी बसून जुलूस पुढं ढकलला. त्यानंतर पाऊस लागला तो थांबेना. सोयाबीन शेंगेतच कोंबलं, आणि सप्टेंबरच्या मध्यात, त्या पावसात, भाईजान गेले. कबर खणताना पाणी लागत होतं, मुलं बादल्यांनी उपसत होती. तीन दिवस आमच्या चुली पेटल्या नाहीत. डबे शेजारून आले, त्यात काय होतं ते मला आठवत नाही, पण ताटं वेळेवर यायची.

आपा इद्दतीत बसल्या. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरात राहायचं, नटायचं नाही, दुसरा निकाह ठरवायचा नाही. बाहेरची माणसं याकडं शिक्षा म्हणून पाहतात. मी जवळून पाहिलं ते सांगते. पन्नासएक वर्षांचा संसार एका दुपारी संपल्यावर माणसाला कोणी 'आता सावरा' म्हणू नये, यासाठी ठरवून दिलेला तो वेळ होता. आपांना कोणी लग्नाचं आवतण दिलं नाही, कोणी हसून दाखवायला सांगितलं नाही. नातवंडं आळीपाळीनं त्यांच्या खोलीत झोपायची. पण शेताचा हिशेब कायम त्यांच्याकडंच होता, तो त्यांनी सोडला नाही. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं, निम्म्याहून कमी, त्यातही डागी. सरकारी हमीभाव तेव्हा 5,328 रुपये क्विंटल होता, पण डागी मालाला तो कोण देणार? मुलगा पोती लावून घरात आला तर खोलीतून आवाज, "उश्र निकाले क्या?" पावसाच्या पाण्यावर पिकलेल्याचा दहावा हिस्सा, विहिरीच्या पाण्यावरच्याचा विसावा, हा गरिबाचा. मुलगा म्हणाला, बडी अम्मी, यंदा काय उरलंय? आपा म्हणाल्या, जेवढं आलं त्याचा दहावा. पोती परत उघडली.

दिवाळीला सगळे गोळा झाले. हे लोकांना नवल वाटतं, पण शाळांना सुट्टी तेव्हाच असते, त्यामुळं आमच्या लेकी माहेरी येतात त्या दिवाळीत. ईदला त्या सासरी असतात.

जानेवारीत तुरीचे पैसे आले. अकोल्याच्या नातीचा निकाह आम्ही मुद्दाम जानेवारीच्या अखेरीला धरला होता, आपांची इद्दत संपल्यावर. मुलाकडचे नोव्हेंबर म्हणत होते. नातीनंच सांगितलं, बडी दादी माझ्याजवळ बसल्याशिवाय मी मेहंदी लावणार नाही. सासरचे समजूतदार निघाले. आपा पांढऱ्या ओढणीत आल्या, तिच्या हातावर पहिलं बोट त्यांनीच टेकवलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला शब-ए-बारातला, गेलेल्यांच्या आठवणीच्या रात्री, मुलं कबरस्तान साफ करून आली, भाईजानच्या कबरीवरची खचलेली माती नीट केली. मग फेब्रुवारीतच परात पुन्हा एक झाली.

आता रमजान हिवाळ्यात शिरतो आहे. 2030 ला तर एका वर्षात दोन रमजान लागतील, एक जानेवारीत आणि दुसरा डिसेंबर सरताना. मी तेव्हा असेन की नाही ते अल्लाच्या हाती, म्हणून थोरल्या सुनेजवळ आत्ताच एक वही दिली आहे. 1998 आणि 1999 ला रमजान डिसेंबरात होता, त्या वेळचं जे आठवलं ते तिच्यात लिहिलं. डिसेंबरात रोजा सुटतो पावणेसहाच्या सुमाराला, तेव्हा कापूस वेचणाऱ्या बाया अजून शेतात असतात, त्यांतल्या दोघी-तिघी रोजेदार. म्हणून खजूर आणि पाण्याची कळशी दुपारीच बांधावर पाठवायची, आणि घरून कोणीतरी त्यांना आणायला जायचं. सहरीचं पाणी रात्रीच माठातून पितळी भांड्यात काढून चुलीच्या उबेला ठेवायचं, नाहीतर पोरं पाणी न पिताच रोजा धरतात. सुनेनं वही वाचली आणि विचारलं, अम्मी, तेव्हा चूल होती, आता गॅस आहे, मग उबेला कुठं ठेवू? मी म्हटलं, थर्मास घे, आणि तेही त्यात लिहून ठेव.